सरासरीचा चकवा

सरासरी म्हणजे एक भागाकार. क्रिकेटमध्ये वर धावा असतात आणि खाली त्या धावा काढताना फलंदाज किती वेळा बाद झाला तो आकडा. सुनील गावसकरांच्या १०,१२२ कसोटी धावांना १९८ ने भागले की ५१.१२ येतात. सचिन तेंडुलकरच्या १५,९२१ धावांना २९६ ने भागले की ५३.७८. गणित शाळेतलेच आहे. पण भागाकार एकदा झाला की अंश आणि छेद दोन्ही नजरेआड होतात आणि लोकांच्या तोंडी उरतो तो फक्त भागाकाराचा आकडा. तो कशाकशाच्या मिश्रणातून आला, हे मग कोणी विचारत नाही.

छेद विसरला की काय होते याचे नमुने क्रिकेटच्या इतिहासात भरपूर आहेत. ऑस्ट्रेलियाचा संघ १९५३ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्या दौऱ्याच्या फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला तो शेवटच्या क्रमांकावर खेळणारा गोलंदाज बिल जॉन्स्टन. १७ डावांत तो १६ वेळा नाबाद राहिला आणि त्याच्या एकूण धावा झाल्या १०२. एकदाच बाद झाल्यामुळे सरासरीही १०२. १९९९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या लान्स क्लुसनरची सरासरी १४०.५० होती, कारण २८१ धावा करताना तो दोनदाच बाद झाला. त्याच स्पर्धेत सर्वाधिक ४६१ धावा करणाऱ्या राहुल द्रविडची सरासरी मात्र ६५.८५ होती. क्लुसनर स्पर्धेचा मानकरी ठरला आणि ते योग्यच होते, पण तो द्रविडच्या दुपटीहून चांगला फलंदाज होता असे कोणी म्हणणार नाही. असे प्रकार छेदाकडे नुसते पाहिले तरी उघडे पडतात. त्याहून अवघड चकवा पुढे आहे. त्यात छेद पुरेसे मोठे असतात, बेरीज-भागाकार अचूक असतात आणि तरीही निष्कर्ष उलटा निघतो. दोन किंवा अधिक सरासऱ्या एकत्र केल्या की हा चकवा लागतो.

एकत्र करण्याचा नियम आधी नीट पाहायला हवा. गावसकरांनी वेस्ट इंडीजविरुद्धच्या पहिल्या मालिकेत, १९७१ साली, १५४.८० च्या सरासरीने ७७४ धावा काढल्या. पुढच्या, १९७४-७५ च्या मालिकेत ते दोनच कसोट्या खेळले आणि २७ च्या सरासरीने १०८ धावा झाल्या. दोन्ही सरासऱ्या मिळवून दोनने भागले तर ९०.९० येतात. हे उत्तर चूक आहे. पहिल्या मालिकेत ते ५ वेळा बाद झाले होते, दुसऱ्या मालिकेत ४ वेळा. म्हणून ८८२ धावांना ९ ने भागायचे आणि उत्तर ९८. ज्या भागाचा छेद मोठा, त्या भागाकडे एकत्रित सरासरी कलते. गणितात हिला भारित सरासरी म्हणतात. प्रत्येक भागाला त्याच्या आकाराएवढे वजन मिळते, आणि एकत्रित आकडा भागांच्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या सरासरीच्या मध्ये कुठेतरी पडतो. नेमका कुठे, ते वजन ठरवते.

एकाच खेळाडूचा हिशेब असेल तर यात अडचण नाही. दोन खेळाडूंची तुलना सुरू झाली आणि दोघांची वजने वेगळी असली, की अडचण येते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या बेसबॉलचे आहे. तिथे फलंदाजाची सरासरी म्हणजे त्याने चेंडू यशस्वीपणे मारून किमान पहिला तळ गाठला अशा फटक्यांची, म्हणजे 'हिट'ची, संख्या भागिले अधिकृत संधींची संख्या. ०.३०० ही तिथे चांगल्या फलंदाजाची खूण मानली जाते.

न्यूयॉर्क यांकीजचा डेरेक जीटर आणि अटलांटा ब्रेव्ह्जचा डेव्हिड जस्टिस यांची १९९५ आणि १९९६ ही दोन वर्षे घेऊ. १९९५ मध्ये जीटरला ४८ संधी मिळाल्या आणि त्याने १२ हिट मारले, सरासरी ०.२५०. जस्टिसने ४११ संधींत १०४ हिट मारले, सरासरी ०.२५३. जस्टिस पुढे. १९९६ मध्ये जीटरचे ५८२ संधींत १८३ हिट, सरासरी ०.३१४. जस्टिसचे १४० संधींत ४५, सरासरी ०.३२१. पुन्हा जस्टिसच पुढे. आता दोन्ही वर्षे एकत्र करायची. जीटर : ६३० संधी, १९५ हिट, सरासरी ०.३१०. जस्टिस : ५५१ संधी, १४९ हिट, सरासरी ०.२७०. दोन्ही वर्षी मागे असलेला जीटर एकत्रित हिशेबात पुढे निघून जातो, आणि तोही थोडाथोडका नाही.

केन रॉस या गणितज्ञाने बेसबॉलप्रेमींसाठी लिहिलेल्या २००४ सालच्या पुस्तकात हे उदाहरण दिले आणि तेव्हापासून ते संख्याशास्त्राच्या वर्गांत सांगितले जाते. १९९७ हे वर्षही जोडले तरी चित्र तसेच राहते. त्या वर्षी जस्टिसची सरासरी ०.३२९ आणि जीटरची ०.२९१. म्हणजे सलग तिन्ही वर्षे जस्टिस सरस. तरी तिन्ही वर्षांच्या बेरजेत जीटर ०.३०० आणि जस्टिस ०.२९८.

आकडे पुन्हा तपासले तरी त्यांत चूक सापडत नाही. कारण आहे ते संधींच्या वाटणीत. १९९५ मध्ये जीटर नवखा होता आणि वरच्या संघातून जेमतेम १५ सामने खेळला. १९९६ मध्ये त्याचे पहिले पूर्ण वर्ष झाले आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. जस्टिसचे उलटे झाले. १९९५ चा हंगाम तो जवळजवळ पूर्ण खेळला आणि १९९६ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे ४० सामन्यांवर थांबला. योगायोग असा की १९९६ हे वर्ष दोघांनाही चांगले गेले. जीटरच्या ६३० संधींपैकी सुमारे ९२ टक्के या चांगल्या वर्षातल्या. जस्टिसच्या ५५१ पैकी सुमारे ७५ टक्के आदल्या, बेताच्या वर्षातल्या. त्यामुळे जीटरची एकत्रित सरासरी त्याच्या चांगल्या आकड्याकडे ओढली गेली आणि जस्टिसची त्याच्या कमी आकड्याकडे.

गावच्या दूध डेअरीवर फॅट मोजताना पाहिलेल्या कोणालाही हे लगेच समजेल. एका शेतकऱ्याच्या गाईच्या दुधाला ४ फॅट आणि म्हशीच्या दुधाला ७ फॅट लागते असे समजू. शेजाऱ्याच्या गाईला ३.८ आणि म्हशीला ६.८. दोन्ही जनावरे पहिल्याचीच सरस. पण पहिल्याने ८ लिटर गाईचे आणि २ लिटर म्हशीचे दूध एका कॅनमध्ये ओतले तर त्या कॅनचे फॅट ४.६ येईल. शेजाऱ्याने २ लिटर गाईचे आणि ८ लिटर म्हशीचे ओतले तर ६.२. शेजाऱ्याची जनावरे चांगली, असा निष्कर्ष या दोन कॅनवरून कोणी काढणार नाही, कारण कॅनमध्ये काय काय ओतले ते समोर दिसते. खेळाडूच्या कारकिर्दीची सरासरी हाही असाच एक कॅन आहे. फक्त त्यात काय ओतले ते दिसत नाही.

या घटनेला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ च्या एका निबंधात तिची मांडणी केली.  मात्र ही गोष्ट त्यांच्याही आधी कार्ल पिअर्सन यांच्या १८९९ च्या आणि अडनी यूल यांच्या १९०३ च्या लेखनात आली होती. सिम्पसन यांचे नाव तिला चिकटले ते १९७२ मध्ये, कॉलिन ब्लाइथ यांच्या एका निबंधाने. खेळाबाहेरचे सर्वपरिचित उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे. १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत ८,४४२ पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्क्यांना आणि ४,३२१ महिला अर्जदारांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. विभागवार पाहिल्यावर महिलांविरुद्धचा असा सरसकट कल दिसेना. ज्या विभागांत प्रवेश मिळणे मुळातच कठीण, तिथे महिलांचे अर्ज जास्त होते.

खेळात अवघड विभागाच्या जागी अवघड परिस्थिती असते. टी-२० क्रिकेटमध्ये ती सर्वांत स्वच्छ दिसते. डावाच्या पहिल्या सहा षटकांत, म्हणजे पॉवरप्लेमध्ये, तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. त्यानंतर पाच ठेवता येतात. चेंडू जुना होतो, फिरकी सुरू होते, चौकारांच्या वाटा बंद होतात. दोन काल्पनिक फलंदाज घेऊ. पहिला सलामीला येतो. पॉवरप्लेमध्ये तो ४०० चेंडूंवर ५६० धावा काढतो, स्ट्राइक रेट १४०. मधल्या षटकांत १०० चेंडूंवर ११५ धावा, स्ट्राइक रेट ११५. दुसरा मधल्या फळीतला. पॉवरप्लेमध्ये त्याला १०० चेंडूच मिळतात आणि त्यावर तो १४५ धावा काढतो, मधल्या षटकांत ४०० चेंडूंवर ४८४. त्याचे स्ट्राइक रेट अनुक्रमे १४५ आणि १२१. दोन्ही टप्प्यांत तोच वेगवान. पण एकूण ५०० चेंडूंच्या हिशेबात सलामीवीर १३५ वर आणि तो १२५.८ वर. खेळाडूंच्या लिलावाआधी एकाच रकान्यातला स्ट्राइक रेट पाहणारा संघ या दोघांत चुकीचा माणूस निवडेल.

इथे उपाय सोपा आहे. दोघांना सारखे चेंडू मिळाले असते तर काय झाले असते, हे मोजायचे. दोघांनाही पॉवरप्लेचे २५० आणि मधले २५० चेंडू दिले आणि आपापल्या टप्प्यातला वेग तोच ठेवला, तर सलामीवीराच्या ६३७.५ धावा होतात, म्हणजे स्ट्राइक रेट १२७.५. दुसऱ्याच्या ६६५, म्हणजे १३३. वजने सारखी केली की विरोधाभास नाहीसा होतो, कारण तो वजनांतल्या फरकावरच उभा असतो. लोकसंख्याशास्त्रात दोन प्रदेशांचे मृत्युदर ताडून पाहताना वयोगटांची वजने अशीच सारखी करून घेतात.

एकाच खेळाडूच्या दोन काळांची तुलना करतानाही हाच प्रकार घडतो, आणि तिथे त्याचा त्रास जास्त होतो, कारण त्यावरून माणसे संघाबाहेर जातात. समजा एक फलंदाज पहिल्या काही वर्षांत मायदेशी ३० वेळा बाद होऊन ५० च्या सरासरीने खेळला आणि परदेशात १० वेळा बाद होऊन ३० च्या सरासरीने. एकूण सरासरी ४५. पुढच्या वर्षांत परदेश दौरे वाढले. आता तो मायदेशी १० वेळा बाद होतो, सरासरी ५४, आणि परदेशात ३० वेळा, सरासरी ३४. दोन्हीकडे चार-चार धावांनी सुधारणा आहे आणि एकूण सरासरी मात्र ४५ वरून ३९ वर येते. फलंदाज उतरणीला लागला असे बाहेरून दिसेल. प्रत्यक्षात उतरणीला काहीच लागलेले नाही. त्याच्या वाट्याला आलेल्या खेळपट्ट्या तेवढ्या बदलल्या.

काल्पनिक आकड्यांकडून खऱ्या आकड्यांकडे यायचे तर पुन्हा गावसकरांकडेच यावे लागते. वेस्ट इंडीजविरुद्ध २७ कसोट्यांत २,७४९ धावा, १३ शतके आणि ६५.४५ ची सरासरी, ही आकडेवारी महाराष्ट्रात अनेकांना तोंडपाठ असते आणि तिच्यासोबत एक चित्र येते : हेल्मेटशिवाय उभा असलेला छोट्या चणीचा मुंबईकर आणि समोर चार भीषण वेगवान गोलंदाज. ६५.४५ हा आकडा सहा मालिकांचा मिळून आहे. १९७१ मध्ये ७७४ धावा, १९७४-७५ मध्ये १०८, १९७५-७६ मध्ये ३९०, १९७८-७९ मध्ये ७३२, १९८३ च्या दौऱ्यात २४० आणि १९८३-८४ मध्ये मायदेशी ५०५. या सहा मालिकांतला वेस्ट इंडीजचा मारा एकसारखा नव्हता. १९७१ मध्ये चार वेगवान गोलंदाजांची ती ख्यातनाम फळी अजून उभी राहायची होती, आणि पोर्ट ऑफ स्पेनला तर ऑफस्पिनर जॅक नोरिएगाने एका डावात ९ बळी घेतले. १९७८-७९ मध्ये केरी पॅकरच्या खासगी क्रिकेट मालिकेमुळे वेस्ट इंडीजचे बहुतेक मोठे खेळाडू संघात नव्हते. अ‍ॅल्विन कालिचरणच्या नेतृत्वाखाली आलेल्या त्या संघात माल्कम मार्शल होता, पण तो कसोटीत नुकताच पदार्पण करत होता. उलट १९७४-७५ मध्ये अँडी रॉबर्ट्स ऐन भरात होता. १९८३ मध्ये रॉबर्ट्स, मायकेल होल्डिंग, जोएल गार्नर आणि मार्शल एकत्र होते, आणि १९८३-८४ मध्ये मार्शलने ३३, होल्डिंगने ३० बळी घेतले.

१९७१, १९७५-७६ आणि १९७८-७९ या तीन मालिका एका बाजूला ठेवल्या तर १,८९६ धावा आणि २० वेळा बाद, सरासरी ९४.८०. उरलेल्या तीन मालिकांत ८५३ धावा आणि २२ वेळा बाद, सरासरी ३८.७७. ६५.४५ या एका आकड्यात हे दोन अगदी निराळे आकडे मिसळले आहेत. यावरून गावसकरांचे मोठेपण कमी होत नाही. १९८३-८४ मध्ये दिल्लीला त्यांनी मार्शल आणि होल्डिंगवर चढाई करत १२१ धावा काढल्या आणि चेन्नईला नाबाद २३६, जे त्यांचे तिसावे शतक होते आणि ब्रॅडमनच्या २९ शतकांच्या पुढचे. पण त्यांची थोरवी सांगायची तर ती या दोन खेळींवरून जास्त नेमकी सांगता येते, ६५.४५ वरून नाही. दुसरा कोणी सलामीवीर फक्त १९८० नंतरच्या वेस्ट इंडीजविरुद्ध खेळला असेल आणि त्याची सरासरी ४२ असेल, तर ४२ आणि ६५ शेजारी ठेवून केलेली तुलना त्याच्यावर अन्याय करणारी ठरेल.

मिश्रणामुळे दोन खेळाडूंचा क्रम उलटतो हे झाले. कधी कधी मिश्रणातून मुळात नसलेला गुणधर्मही तयार होतो. बास्केटबॉलमध्ये एक जुनी समजूत आहे की खेळाडूचा 'हात बसला' की बसला. एक फेक आत गेली की पुढची आत जाण्याची शक्यता वाढते. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये ही समजूत तपासली. बॉस्टन सेल्टिक्स संघाच्या दोन हंगामांतल्या फ्री थ्रोंच्या, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या, जोड्या त्यांनी पाहिल्या. पहिली फेक आत गेल्यावर लॅरी बर्डच्या २८५ पैकी २५१ दुसऱ्या फेकी आत गेल्या, म्हणजे ८८ टक्के. पहिली हुकल्यावर ५३ पैकी ४८, म्हणजे ९१ टक्के. त्याचा सहकारी रिक रोबी याचे आकडे असे : पहिली आत गेल्यावर ९१ पैकी ५४, म्हणजे ५९ टक्के, आणि हुकल्यावर ८० पैकी ४९, म्हणजे ६१ टक्के. हात बसण्याचे चिन्ह दोघांतही नाही. उलट हुकल्यानंतरच किंचित बरे. त्या मूळ निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, पण इथला मुद्दा वेगळा आहे. रॉबर्ट वॉर्ड्रॉप यांनी १९९५ मध्ये या दोघांचे आकडे एकत्र केले. पहिली आत गेल्यावर ३७६ पैकी ३०५, म्हणजे ८१ टक्के. हुकल्यावर १३३ पैकी ९७, म्हणजे ७३ टक्के. एकत्र केल्याबरोबर हात बसण्याचा भक्कम पुरावा हाती आला!

तो आला कुठून? पहिली फेक आत गेली अशा ३७६ प्रसंगांत तीनचतुर्थांशाहून जास्त प्रसंग बर्डचे होते. हुकलेल्या १३३ प्रसंगांत त्याचे ५३ च, बाकी रोबीचे. म्हणजे आत गेलेल्या फेकीनंतर रेषेवर बहुधा बर्ड उभा असतो आणि हुकलेल्या फेकीनंतर बहुधा रोबी. प्रेक्षकाच्या मनात प्रत्येक खेळाडूचा वेगळा तक्ता नसतो. त्याच्या आठवणीत सगळ्या फेकींची एकच गोळाबेरीज असते. वॉर्ड्रॉप यांचे म्हणणे असे की त्या गोळाबेरजेत हात बसणे खरोखरच दिसते, त्यामुळे प्रेक्षकाला भास झाला असे सरळ म्हणता येत नाही. तो जे पाहतो ते खरे असते, पण त्याला खेळाडूंची सरमिसळ कळत नाही.

इतके झाल्यावर वाटेल की प्रत्येक सरासरी तोडून पाहावी, जितकी बारीक तितकी चांगली. तसेही नाही. कुठल्या रेषेवर तोडायचे हा गणिताच्या आधीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर खेळ जाणणाराच देऊ शकतो. ज्या गोष्टी खेळाडू मैदानात उतरण्याआधीच ठरलेल्या असतात आणि कामगिरीवर परिणाम करतात, त्यांवर तोडणे योग्य : खेळपट्टी, प्रतिस्पर्धी, डावाचा टप्पा, नवा चेंडू की जुना. कबड्डीतही तेच. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की प्रो कबड्डीत तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोरच्या बचावपटूंनाही हे माहीत असते आणि ते थांबून पकड करतात. ज्या चढाईपटूला संघ मुद्दाम या तिसऱ्या चढाईसाठी राखून ठेवतो, त्याच्या यशाची टक्केवारी मोकळ्या चढाया करणाऱ्याच्या टक्केवारीशेजारी ठेवणे चूकच. समोर सात गडी आहेत की तीन, यानेही चढाई बदलते.

याउलट खेळाडूच्या कामगिरीतूनच जन्मलेल्या गोष्टीवर आकडे तोडले तर चकवा मिटण्याऐवजी नवा तयार होतो. 'जिंकलेल्या सामन्यांतील सरासरी' हा आकडा दूरचित्रवाणीवर मोठ्या आवडीने दाखवला जातो. फलंदाजाची जिंकलेल्या सामन्यांतली सरासरी हरलेल्या सामन्यांतल्या सरासरीहून जास्त असणे साहजिक आहे. त्याने धावा केल्या म्हणून तर संघ जिंकला. सामन्याचा निकाल त्याच्या फलंदाजीनंतर येतो, आधी नाही. कमकुवत संघातल्या थोर फलंदाजाने कितीही धावा केल्या तरी त्यातल्या पुष्कळ हरलेल्या सामन्यांच्या रकान्यात पडतात, आणि बलाढ्य संघातल्या बेताच्या फलंदाजाच्या तीस-चाळीस धावाही विजयाच्या रकान्यात जातात. या रकान्यांवरून 'हा सामना जिंकून देणारा आणि तो स्वतःसाठी खेळणारा' असे शिक्के मारणे ही क्रिकेटच्या चर्चेतली सर्वांत अन्यायकारक सवय आहे.

तोडण्याला दुसरी मर्यादा संख्येची. तुकडे जितके लहान, तितका योगायोगाचा हात मोठा. विनोद कांबळीची कसोटी सरासरी ५४.२० आहे, तेंडुलकरच्या ५३.७८ हून जास्त. ती १७ कसोट्यांची आहे, २० वेळा बाद होण्याची, आणि तिच्यातल्या १,०८४ धावांपैकी ४५१ धावा १९९३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेल्या दोन द्विशतकांच्या, २२४ आणि २२७ च्या. तेंडुलकरची सरासरी २९६ वेळा बाद होण्याची आहे. गावसकरांच्या सहा मालिकांपैकी १९७४-७५ ची मालिका म्हणजे चार डाव : १४, ०, ८६ आणि ८. त्यातला ८६ चा डाव नसता तर त्या मालिकेची सरासरी साडेसातच्या खाली गेली असती. अशा चार डावांवरून रॉबर्ट्सविरुद्ध गावसकर कसे खेळत, याचा निवाडा करता येत नाही. १९८३ च्या दौऱ्यातल्या २४० धावांपैकीही १४७ एकाच नाबाद खेळीच्या होत्या, जॉर्जटाउनच्या.

या दोन्ही मर्यादा लक्षात घेऊन जीटर आणि जस्टिस यांच्याकडे पुन्हा पाहिले तर ते उदाहरण वेगळे दिसू लागते. दुधाच्या कॅनमध्ये आणि पॉवरप्लेमध्ये तोडण्याला कारण होते : म्हैस गाईहून वेगळी, सहावे षटक बाराव्याहून वेगळे. १९९५ आणि १९९६ यांच्यामध्ये मात्र कॅलेंडरच्या रेषेखेरीज काही नाही. दोघेही वेगवेगळ्या कारणांनी दुसऱ्या वर्षी चांगले खेळले, इतकेच. वजने सारखी केली, दोन्ही वर्षांना निम्मा-निम्मा वाटा दिला, तर जस्टिस ०.२८७ आणि जीटर ०.२८२ असे येतात आणि जस्टिस पुढे जातो. पण इथे वजने सारखी करण्यात जीटरच्या ४८ संधींना त्याच्याच ५८२ संधींइतके महत्त्व द्यावे लागते, आणि तसे करण्याला कारण सापडत नाही. म्हणून या जोडीपुरता तरी एकत्रित आकडाच अधिक विश्वासाचा. वर्षवार आकडे किती नाजूक आहेत ते एक-एक हिट बदलून पाहिले की कळते. १९९५ मध्ये जीटरने १२ ऐवजी १३ हिट मारले असते तर त्याची सरासरी ०.२७१ झाली असती आणि त्या वर्षी तोच पुढे असता. १९९६ मध्ये जस्टिसचे ४५ ऐवजी ४४ हिट झाले असते तर ४४ भागिले १४० हा आकडा जीटरच्या १८३ भागिले ५८२ च्या केसभर खाली गेला असता. दोन वर्षांतले हे दोन फटके इकडचे तिकडे झाले असते तर जीटर तिन्ही हिशेबांत पुढे राहिला असता, आणि एकत्रित सरासऱ्यांत मात्र जीटरचा आकडा ०.३१० वरून ०.३११ आणि जस्टिसचा ०.२७० वरून ०.२६९, एवढाच फरक पडला असता.